कारखान्यामागची जागा रिकामी नाही

या दस्ताने मी एकच गोष्ट सिद्ध करणार आहे. माझ्या धुलाई कारखान्याच्या मागे उतारावर जी गवताळ जागा आहे, ती रिकामी नाही आणि कधीही नव्हती. म्हणून तिथे काही तरी बांधून ती भरून काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एवढे सिद्ध झाले की माझ्या मालमत्तेची वाटणी त्यातून आपोआप निघते. वाचणाऱ्याने कलमे क्रमाने वाचावीत. आपला वाटा शोधत पाने उलटू नयेत.

मी, या कारखान्याची मालकीण, पूर्वीची तर्कशास्त्राची प्राध्यापिका, विधवा, एका मुलाची आई, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट न लिहिण्यासाठी भरीस घालणारे पुष्कळ आहेत. माझी बुद्धी शाबूत आहे, याबद्दलचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. तपासताना त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी विचारले, “शून्यापर्यंत पोचायचं आहे, की पोचता येत नाही हे सिद्ध करायचं आहे?” त्यांनी प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला आणि प्रमाणपत्रावर सही केली.

पहिले कलम. याआधी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. चिरंजीवांच्या टेबलाच्या खणातली प्रतही.

दुसरे कलम. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी सून करील. हे तिला विचारून ठरवले आहे. ती म्हणाली, “आई, तुमच्या दोघांच्या भांडणात मला कशाला मध्ये घालता?” मी म्हणाले, “मध्ये तू लग्नापासूनच आहेस. आता अधिकारासह राहा.” तिला निवडण्याचे कारण असे की, आमच्या घरात वाक्य संपेपर्यंत ऐकून मग उत्तर देणारी ती एकटीच आहे. तिने कोणाची बाजू घ्यावी अशी माझी अपेक्षा नाही. जे लिहिले आहे ते तिने करावे, इतकेच.

तिसरे कलम. राहते घर, त्यातील सर्व सामानासह, चिरंजीव आणि सूनबाई यांना समान हिश्श्याने मिळेल. घर चांगले आहे. छप्पर गेल्या वर्षीच दुरुस्त करून घेतले आहे. चिरंजीवांनी त्यात सुखाने राहावे आणि आपली आई अन्यायी होती असे पाहुण्यांना सांगावे. त्याला माझी हरकत नाही. फक्त सांगताना दुसरे कलम आठवावे आणि बायको स्वयंपाकघरातून ऐकते आहे, याचे भान ठेवावे.

चौथे कलम. जमीन. हे कलम लांब आहे, कारण हल्ला यावरच होणार आहे.

माझ्या सासऱ्यांनी कारखाना काढला तेव्हा मांडणी सरळ होती. पुढे इमारत, मागे दोऱ्या. उतारावर वारा खालून वर येतो. दोऱ्या त्याला आडव्या बांधल्या की चादरी फुगून वेगळ्या राहतात आणि लवकर वाळतात. पुढे यजमानांनी गॅसवर चालणारी वाळवणी यंत्रे आणली. दोऱ्या गुंडाळल्या गेल्या, खांब उपटले गेले, गवत गुडघ्यापर्यंत आले. त्या दिवसापासून सगळे त्या जागेला ‘रिकामी’ म्हणू लागले. जागा तीच, गवत तेच, मुरणारे पाणीही तेच. आमचे काम तेवढे तिथून उठले होते. ‘मला तिथे काही काम नाही’ यावरून ‘तिथे काहीच होत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी पहिल्या वर्षातच नापास करत असे. नगरपरिषदेत मात्र अशांना निवडून देतात.

ती जागा काय करते, हे आता मांडते. पहिले, वरून वाहत येणारे पाणी ती पोटात घेते. ती जे घेत नाही, ते खालच्या गल्लीत जाते. हे समजायला शिक्षण लागत नाही, खालच्या गल्लीत राहावे लागते. दुसरे, ती कपडे वाळवते. यजमान गेल्यावर कारखाना माझ्याकडे आला, तेव्हा मी पहिल्याच उन्हाळ्यात दोऱ्या पुन्हा बांधून घेतल्या. रुग्णालयाच्या चादरी, जंतू मरावेत म्हणून, आजही इस्त्रीच्या गरम रुळांखालून जातात. तिथे मी तडजोड केलेली नाही. पण हॉटेलांचे टॉवेल, टेबलावरची कापडे, पडदे हे सगळे उन्हात वाळते. ज्या दिवशी ऊन असते, त्या दिवशी वाळवणी यंत्रे बंद असतात. गॅसचा खप निम्म्याच्या खाली आला. म्हणजे आमच्या धुराड्याचा धूर कमी करणारे यंत्र जर कोणते असेल, तर ते ही जमीन आहे. तिच्यावर फरशी घातली, की दोन कामे एकदम बंद पडतील.

चिरंजीवांचा मालवाहतुकीचा धंदा आहे. त्यांना तिथे गोदाम हवे आहे. आमचे संभाषण मी जसेच्या तसे नोंदवते, म्हणजे पुढे कोणी वेगळे सांगणार नाही.

“आई, ती जागा नुसती पडून आहे.”

“रविवारी दुपारी तूही नुसता पडून असतोस. तुझ्यावर गोदाम बांधू का?”

“तुझ्याशी बोलणं म्हणजे ना! अगं, सगळं जग पुढे चाललंय.”

“जाऊ दे की. पाणी खालीच चाललंय, त्याचं काय करायचं ते सांग.”

त्यावर ते म्हणाले की, पाण्याचे काय करायचे ते नगरपरिषद बघेल. हे विधान मी गंभीरपणे घेतले. नगरपरिषद काय बघते, ते बघायला मी स्वतः गेले.

नगरपरिषदेने जमीन संरक्षणाचा निधी काढला आहे. मोकळ्या जमिनीच्या मालकाने बांधकामाचा हक्क कायमचा सोडून द्यायचा. मालकी त्याचीच राहते. गवत कापावे, झाडे लावावीत, दोऱ्या बांधाव्यात. बदल्यात कर कमी होतो आणि वर्षातून एकदा परिषदेचा माणूस पाहणी करून जातो. योजना चांगली आहे. माझा पहिला अर्ज फेटाळला गेला. तो कोणी आणि का फेटाळला, ते सातव्या कलमात येईल. दुसऱ्या अर्जाच्या वेळी परिषदेत नवी अधिकारी आली होती, वयाने माझ्या नातीएवढी. फीत घेऊन ती स्वतः गवतात उतरली. फितीचे दुसरे टोक धरायला मी चिरंजीवांना उभे केले. आमच्या कारखान्यात दोघांचे भांडण झाले, की त्यांना एकाच चादरीची घडी घालायला लावतात. एकाने सोडली की दुसऱ्याची घडी मोडते, म्हणून दोघांनाही नीट धरावे लागते. त्या दिवशी जागेची मोजणी बिनचूक झाली.

करारात ‘कायमचे’ या शब्दापुढे ‘सर्वसाधारणपणे’ असा शब्द होता. अधिकारी हळूच म्हणाली, “आजी, एवढं सैल राहू द्या. नाहीतर वरचे सही करायचे नाहीत.”

मी तिला दोरीपाशी नेले. “दोरी सैल सोडली, तर काय होतं सांग.”

“चादर खाली येईल.”

“आणि?”

“मळेल,” ती म्हणाली. मग हसून म्हणाली, “बरं, खोडते. पण वरच्यांना तुम्हीच भेटा.”

मी भेटले. शब्द खोडला गेला. करार नोंदवला गेला.

पण मालक आणि परिषद असे दोनच पक्ष असतील, तर उद्या दोघे संगनमताने तो करार मोडू शकतात. मी असेन तोवर एक पक्ष फुटणार नाही. नंतरची खात्री मला नाही. परिषदेची तर माझ्या हयातीतच नाही. म्हणून करारात तिसरा पक्ष घातला आहे: खालच्या गल्लीतल्या रहिवाशांची संस्था. मालक आणि परिषद यांचे एकमत झाले, तरी ही संस्था दोघांना न्यायालयात खेचू शकते. पाणी ज्याच्या उंबऱ्यात येते त्याच्या हातात किल्ली असावी, हा साधा न्याय आहे.

हे सर्व लक्षात घेऊन मी ही जमीन कारखान्यातील कामगारांच्या सहकारी संस्थेला देत आहे. चिरंजीवांना देत नाही. देत नाही याचे कारण राग हे नव्हे. ज्याला एखादी वस्तू दिसतच नाही, त्याला ती दिल्याने दान पूर्ण होत नाही.

पाचवे कलम. कारखाना, रुळांची इस्त्री, धुलाईची यंत्रे, छपरावरच्या उन्हाने पाणी तापवणाऱ्या टाक्या, दोऱ्या, खांब आणि लाकडी चिमटे, सर्व त्याच सहकारी संस्थेला. प्लॅस्टिकचे चिमटे कोणी आणू नयेत. उन्हात ते दोन वर्षांत तुटतात आणि तुकडे गवतात राहतात. याबाबतीत मी मेल्यावरही ऐकून घेणार नाही.

वाळवणी यंत्रे विकू नयेत. सलग ढगाळ दिवस येतात आणि ग्राहक ढगांना ओळखत नाही. यंत्र असावे, सवय नसावी.

सहावे कलम. दाराशेजारची पानाचे चित्र असलेली पाटी. ती नगरपरिषदेने दिली आहे. शहरातल्या उद्योगांनी आपापला धूर, कोळसा, गॅस स्वतःहून कमी करावा, आपली मोकळी आवारे मोकळी ठेवावीत, असे ठरले तेव्हा त्या प्रतिज्ञेचा मसुदा मी लिहिला. बेकरीवाले, छापखानेवाले, बर्फवाले, ओतकामवाले असे सगळे याच कार्यालयात चहा पिऊन सही करून गेले. प्रत्येकाला पाटी मिळाली. आमच्या धुलाई विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मावशी म्हणतात, त्यांनी पाटी पुसता पुसता विचारले, “बाई, पाटी लावली की धूर कमी होतो होय? मग दोन लावू या की!”

बेकरीवाल्यांनी शब्द पाळला. त्यांनी भट्टी बदलली आणि वर्षभर कर्जाच्या नावाने माझ्याकडे पाहून दात खाल्ले, पण पाळला. छापखानेवाल्यांनी अर्धा पाळला. बर्फवाल्यांनी ट्रक उभे करायला आपले सगळे आवार सिमेंटने बंद केले आणि पाटी त्याच नव्या भिंतीवर लावली. मी जाऊन विचारले, तर म्हणाले, “बाई, स्वेच्छेनं सही केली होती, स्वेच्छेनंच विचार बदलला.” त्यांच्या आवारात पूर्वी मुरणारे पाणी आता कुठे जाते, ते त्यांनी विचारले नाही. शिंप्याने विचारले. खालच्या गल्लीत त्याचे दुकान होते. एका पावसात आत गुडघाभर पाणी शिरले. गिऱ्हाइकांची कापलेली, अजून न शिवलेली कापडे एकमेकांच्या रंगाने खराब झाली. ज्यांची कापडे गेली, त्यांना तोंड कसे दाखवायचे म्हणून तो दुकान मोडून निघून गेला.

तेव्हा आमच्या पाटीबाबत सूचना अशी: ज्या वर्षी गॅसचा खप मागच्या वर्षापेक्षा वाढेल, त्या वर्षी कामगारांनी स्वतः पाटी काढून भिंतीकडे तोंड करून ठेवावी. परिषदेने सांगण्याची वाट पाहू नये. परिषद सांगणार नाही.

सातवे कलम. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. ते अनेक वर्षे नगरपरिषदेत होते आणि जमीन समितीचे अध्यक्ष होते. माझा पहिला अर्ज त्यांनी फेटाळला. शेरा असा होता: ‘जागा सध्या वापरात नाही, भविष्यात उद्योगास लागेल.’ त्या वेळी दोऱ्यांवर टॉवेल होते. सभागृहाच्या जिन्यात मी त्यांना गाठले.

“भाऊजी, जागा वापरात नाही, हे तुम्ही कुठून पाहिलंत?”

“वहिनी, तुमच्या दोऱ्यांवर शहराचा कारभार वाळत घालता येत नाही.”

“मग ओलाच ठेवा. वास येईल तेव्हा कळेल.”

त्यानंतर आम्ही एकमेकांच्या घरी गेलो नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर प्रकृती विचारतो, तीही तिसऱ्या माणसाकडे बघून. भाऊजींना मी काही ठेवत नाही. फक्त त्यांच्या हयातीत त्यांच्या घरच्या चादरी कारखान्याने फुकट धुवाव्यात, त्याच जागेवर वाळवाव्यात आणि कोणत्या दोरीवर वाळवल्या, ते पावतीवर लिहावे.

आठवे कलम. माझी पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला. मी नोकरी सोडली तेव्हा प्राचार्य म्हणाले होते, “तर्कशास्त्र सोडून कपडे धुणार?” मी म्हणाले होते, “दोन्हीकडे डागच शोधायचे आहेत, सर. फरक इतकाच की, इथे ते निघतात.” पुस्तकांच्या समासात मी पेन्सिलीने हरकती लिहिल्या आहेत. त्या पुसू नयेत.

नववे कलम. बँकेतील शिलकेचे दोन भाग करावेत. एक भाग तापवणीच्या टाक्यांच्या दुरुस्तीसाठी. दुसरा खालच्या गल्लीतील संस्थेला, वकिलाच्या खर्चासाठी. हक्क आहे पण वकील नाही, अशी अवस्था म्हणजे छत्री आहे पण घरी आहे.

दहावे कलम. मी गेल्यावर शोकसभा घेऊ नये. घ्यायचीच असेल, तर ढगाळ दिवशी घ्यावी. उन्हाचा दिवस माझ्यासाठी वाया घालवला, तर मला ते आवडणार नाही.

अकरावे कलम. चिरंजीवांनी या मृत्युपत्राला न्यायालयात आव्हान दिल्यास तिसऱ्या कलमातील त्यांचा घराचा अर्धा हिस्सा रद्द होईल आणि तो नगरपरिषदेच्या जमीन संरक्षण विभागाला कार्यालयासाठी मिळेल. सूनबाईंचा हिस्सा अबाधित राहील. म्हणजे बैठकीच्या खोलीत अधिकारी, स्वयंपाकघरात सूनबाई आणि चिरंजीव कुठे बसायचे ते त्यांनी त्या दोघींना विचारावे. ही धमकी नाही. जर अमुक, तर तमुक, असे हे साधे विधान आहे. पहिला भाग खरा होऊ न देणे सर्वस्वी त्यांच्या हातात आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी त्यावर सही केली. मावशींना साक्षीदार म्हणून सही करायची होती. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये, हे त्यांना सांगितले. सहकारी संस्थेत त्याही आहेत. त्या म्हणाल्या, “मग माझा वाटा काढा नि सही घ्या.” वाटा काढलेला नाही. त्या रुसून खाली गेल्या आहेत.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: प्रमाणपत्र देणारे डॉक्टर. सही.
साक्षीदार दुसरे: बेकरीचे मालक. सही. (यांनी सहीपूर्वी सहावे कलम दोनदा वाचले.)

ठिकाण: धुलाई कारखान्याचे कार्यालय, वरचा मजला, मागची खिडकी उघडी.
दिनांक: आज सोमवार, कारखान्याच्या सुट्टीचा दिवस.

पुरवणी: एका चुकीची कबुली

वरील सह्या झाल्यावर बेकरीवाल्यांनी मला एक बातमी दिली. चिरंजीवांच्या वकिलांनी माझे एक जुने भाषण शोधून काढले आहे आणि माझ्या पश्चात ते न्यायालयात ठेवणार आहेत. भाषण खरे आहे. ते असे.

जमीन निधी निघण्याच्या खूप आधी भाऊजींनी परिषदेत नियम मांडला होता की, उतारावरच्या प्रत्येक कारखान्याने आवाराचा ठरावीक भाग कायम उघडा ठेवलाच पाहिजे. व्यापाऱ्यांच्या वतीने मी विरोधात उभी राहिले. सक्तीने केलेले चांगले काम चांगले राहत नाही. शहाण्या माणसाला बंधन लागत नाही आणि मूर्खाला ते पुरत नाही. तेव्हा प्रत्येकाच्या स्वेच्छेवर सोडा, असे मी पायरी पायरीने सिद्ध केले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात पहिल्या रांगेतल्या बर्फवाल्यांनी. भाऊजी एवढेच म्हणाले, “वहिनी, तुमचं बरोबरच असेल. पण पाणी सभेला येत नसतं.” लोक हसले. मीही हसले. नियम पडला, आणि त्याच्या जागी माझी प्रतिज्ञा आली.

वकिलांचे म्हणणे असे असणार: जी बाई सक्तीच्या विरुद्ध इतके चोख बोलली, तिने आपल्याच मुलाला मिळायच्या जमिनीवर कायमचे बंधन घातले, म्हणजे एक तर तिची बुद्धी ढळली, नाही तर कोणी तरी तिला फितवले. युक्तिवाद बरा आहे. तो मोडण्याचा मार्ग एकच आहे आणि तो मला घ्यावा लागतो आहे.

माझी बुद्धी आज शाबूत आहे. चुकली ती त्या दिवशी. मी स्वतः शब्द पाळते, एवढ्या एका उदाहरणावरून सगळे पाळतील, असे मी गृहीत धरले, आणि ज्याचे घर बुडणार होते तो सभागृहात नव्हता, म्हणून त्याला मोजले नाही. तो नियम असता, तर बर्फवाल्यांचे आवार उघडे राहिले असते आणि शिंपी आज त्याच दुकानात असता. भाऊजी बरोबर होते. पुढे त्यांनी माझा अर्ज फेटाळला, ते मात्र चूकच होते. माझ्या चुकीने त्यांची चूक धुऊन निघत नाही. सातवे कलम तसेच राहील.

ही पुरवणी सूनबाईंनी माझ्या मृत्यूची वाट न पाहता परिषदेच्या पुढच्या सभेत मोठ्याने वाचावी. मी तिथे बसलेली असेन. तो नियम कोणी पुन्हा मांडला, तर त्याच्या विरुद्ध माझे भाषण कोणी वापरू नये. ते चांगले बांधलेले होते, आणि ते चूक होते.

सही: भाषण करणारी